वळिवड्याच्या छावणीवर हाताने काढलेली आठ मिनिटांची ॲनिमेशन फिल्म : एक कुटुंब की दोन?

रेघोटी

नमस्कार मंडळी,

आम्ही तिघं मिळून कोल्हापुरात एक ॲनिमेशन लघुपट करतोय. पाठीशी निर्माता नाही, स्टुडिओ नाही. दिवसभर लग्नपत्रिका, लोगो, दुकानांच्या जाहिराती अशी पोटापाण्याची कामं आणि रात्री जेवणं आटोपली की हे. विषय आहे युद्धाने ताटातूट झालेली कुटुंबं, आणि जागा आहे वळिवडे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९३९ मध्ये जर्मनी आणि रशियाने पोलंड वाटून घेतला. रशियाकडे गेलेल्या पूर्व भागातून फेब्रुवारी १९४० पासून कुटुंबंच्या कुटुंबं मालगाड्यांत कोंबून सैबेरिया आणि कझाकस्तानात नेली. १९४१ मध्ये हिटलर रशियावर उलटल्यावर त्यांची सुटका झाली आणि जनरल आंदेर्स यांच्या हाताखाली पोलिश सैन्य उभं राहायला लागलं. १९४२ मध्ये हे सैन्य कास्पियन समुद्र ओलांडून इराणात आलं, सोबत हजारो बायका-मुलं. पुरुष पुढे लढाईवर गेले आणि बाकीचे जिथे जागा मिळेल तिथे पांगले : पूर्व आफ्रिका, न्यूझीलंड, मेक्सिको आणि आपलं कोल्हापूर संस्थान. १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याला सुमारे ५,००० पोलिश माणसं राहिली. शाळा, चर्च, दवाखाना, नाटकं, सगळं होतं तिथे. ते गेले आणि त्याच बराकींत फाळणीने घरदार सुटलेली सिंधी कुटुंबं आली. तेच आजचं गांधीनगर.

आमची फिल्म एका बराकीतल्या एकाच खोलीत घडते. आधी पोलिश आई आणि तिची मुलगी, नंतर त्याच खोलीत एक सिंधी कुटुंब. दोन्हीकडे घरातलं कुणीतरी मागे किंवा दूर राहिलंय आणि बाकीचे वाट बघतायत. कॅमेरा खोली सोडून जवळजवळ बाहेर जातच नाही.

आता अडलंय कुठे ते सांगते. माझे दोघे साथीदार म्हणतात की आठ मिनिटांत दोन कुटुंबं म्हणजे दोघांवरही अन्याय, एकच धर. मला ते पटत नाही, कारण एकच घेतलं तर ती फक्त पोलंडची गोष्ट होते आणि ती सांगायला पोलंडचे लोक आहेत. तुम्हाला काय वाटतं? संवाद ठेवावेत का, ठेवले तर कुठल्या भाषेत? आणि तुमच्या घरात वळिवड्याच्या, छावणीच्या काही आठवणी असतील तर लिहाच. कितीही किरकोळ वाटल्या तरी चालतील, मला किरकोळच हव्या आहेत.

तांबडा_पांढरा

विषय एक नंबर ताई, नाद खुळा! आठ मिनिटं म्हणजे आमच्याकडं मिसळीची ऑर्डर देऊन कट यायला जेवढा वेळ लागतो तेवढी. तेवढ्यात डोळ्यात पाणी आणलंसा तर मिसळ माझ्याकडनं, तिघांनाबी.

पंचगंगेकाठचा

फार चांगलं काम हाती घेतलंय. महावीर उद्यानातलं पोलिश स्मारक रोज फिरायला जाताना बघतो, पण आमच्या कॉलनीतल्या दहा पोरांना विचारलं तर एकाला सांगता येणार नाही ते कशाचं आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान वॉर्सात कोल्हापूरच्या नावाच्या स्मारकाला वंदन करायला गेले, तेव्हा कुठे अनेकांना कळलं की आपल्या गावाचं नाव तिकडे दगडावर कोरलंय.

माझं मत : कोल्हापूरने आसरा दिला हे फिल्ममध्ये ठळक आलं पाहिजे. २०१९ मध्ये इथे लहानपणी राहिलेली ज्येष्ठ मंडळी पोलंडहून आली होती, त्यांच्या डोळ्यांतलं प्रेम बघितलं असतं तर तुम्हीही हेच म्हणाला असता. शेवट स्मारकावर करा.

दप्तरखाना

पंचगंगेकाठचा, प्रेम खरंच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण फिल्म 'आम्ही आसरा दिला' यावर नेऊ नका अशी माझी विनंती. जागा कोल्हापूर संस्थानची, आखणी ब्रिटिश सरकारची आणि खर्चाचा भार लंडनमधल्या पोलिश निर्वासित सरकारचा, अशी ती व्यवस्था होती. नवानगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला पोलिश मुलांना ठेवून घेतलं ती गोष्ट वेगळी, तिथे एका राजाचा पुढाकार होता. दोन्ही एकात मिसळून फॉरवर्ड फिरतात, त्यावर फिल्म उभी करू नये.

आणि दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. आसरा देणारा फिल्मचा नायक झाला की वाट बघणारी बाई मागे ढकलली जाते. ती आपल्या चांगुलपणाचा पुरावा म्हणून उरते. रेघोटी, तुमची फिल्म तिची आहे, तिचीच राहू द्या.

एक माहिती तुमच्या उपयोगी पडेल. इराणहून निघालेले पोलिश निर्वासित आधी कराचीच्या तात्पुरत्या छावणीत उतरायचे आणि तिथून पुढे पाठवले जायचे. पाच वर्षांनी सिंधी कुटुंबं निघाली ती बहुतेक कराचीच्या बंदरातूनच, बोटीने मुंबईला. म्हणजे तुमच्या दोन्ही कुटुंबांनी एकच धक्का बघितलाय.

रेघोटी

दप्तरखाना, हे कराचीचं माझ्या डोक्यात अजिबात जुळलं नव्हतं! खोली सोडून बाहेर जायचं झालं तर तेवढ्या एकाच जागी जायचं असं आत्ताच ठरवतेय. तेच बंदर दोनदा. एकदा माणसं उतरतायत, एकदा चढतायत.

चौकट_दर_चौकट

पुण्यात ॲनिमेशनमध्ये काम करतो, मूळचा गडहिंग्लजचा. थोडं हिशोबाचं बोलतो.

आठ मिनिटं म्हणजे ४८० सेकंद. सेकंदाला २४ फ्रेम, पण एक चित्र दोन फ्रेम धरायचं ठरवलं तर सेकंदाला १२ चित्रं. म्हणजे ५,७६० चित्रं. हा आकडा बघून घाबरू नका आणि हुरळूनही जाऊ नका. एवढी कुणीच काढत नाही, काढूही नयेत. बाई पत्र वाचत बसलीय तर धड स्थिर राहू शकतं, फक्त पापण्या, बोटं आणि कागदाचा कोपरा हलला तरी पुरतं. वाट बघण्यावरच्या फिल्मला स्थिरपणा शोभतो, आणि तुमचा हातही वाचतो. हालचाल जिथे खर्च कराल तिथे मनापासून करा : मुलीचं धावणं, पावसाचं येणं, बिछाना गुंडाळणं.

कराचीचं बंदर दोनदा वापरणार ही कल्पना कथेसाठी चांगली आहेच, शिवाय पार्श्वभूमी एकदाच रंगवावी लागेल. आकाश आणि माणसं बदला, धक्का तोच.

आधी ॲनिमॅटिक करा. कच्ची चित्रं, कच्चा आवाज, पूर्ण आठ मिनिटं. एक कुटुंब की दोन याचा निर्णय इथे धाग्यावर होणार नाही, ॲनिमॅटिक बघताना होईल. एकही पक्कं चित्र त्याआधी काढू नका. स्वतंत्र फिल्मा अर्धवट पडतात त्या बहुतेक इथेच : पहिला मिनिट इतका देखणा करतात की उरलेल्या सातांसाठी जीवच उरत नाही.

सॉफ्टवेअरसाठी पैसे घालवू नका. ब्लेंडरमधलं ग्रीस पेन्सिल, ओपनटूंझ, क्रिता, तिन्ही फुकट आहेत आणि पुरेशी आहेत. २०२५ मध्ये ऑस्कर मिळालेली लाटव्हियाची 'फ्लो' ब्लेंडरमध्येच केलेली आहे, आणि तिच्यात एक शब्दही संवाद नाही. संवाद ठेवलेत तर प्रत्येक भाषेचा ओठांशी मेळ घालत बसावं लागेल, तिघांच्या टीमला तो फार जड जाईल. माझं मत संवाद नकोत.

सुनंदामावशी

रेघोटी बाळा, तू आठवणी विचारल्यास म्हणून लिहिते. मी टायपिंग हळू करते, चुकलं तर समजून घे.

माझ्या सासूबाई उचगावच्या. त्यांच्या घरून वळिवड्याच्या कॅम्पात दूध जायचं आणि त्या लहान असताना त्यांच्या आईबरोबर जायच्या. भाषा कुणालाच कळायची नाही. पोलिश बाई पातेल्यात बोट धरायची, इथपर्यंत ओत म्हणून. पैसे मोजताना दोघी बोटं वर करायच्या आणि हसायच्या.

एका बाईची गोष्ट त्या नेहमी सांगत. दूध ओतून झालेलं असायचं आणि तेवढ्यात टपालवाला दिसला की ही बाई पातेलं उंबऱ्यावर तसंच ठेवून धावत सुटायची. पत्र असो नसो. परत येईपर्यंत मांजराने दूध संपवलेलं असायचं. मग सासूबाईंच्या आई तिथेच उभ्या राहून राखण करायला लागल्या, ती परत येईपर्यंत. पुढच्या घरांना उशीर व्हायचा, लोक बोलायचे, पण त्या थांबायच्या. त्या बाईचा नवरा आला की नाही ते आम्हाला कधीच कळलं नाही.

चौकट_दर_चौकट

मावशी, नमस्कार करतो तुम्हाला. रेघोटी, हा शॉट सोडू नका. उंबरा, पातेलं, मांजर, आणि दारात उभी राहिलेली गवळण. बाई फ्रेमच्या बाहेर धावत गेलीय, आपण तिच्या मागे जायचंच नाही.

तांबडा_पांढरा

मांजराचं काम माझ्या घरची मनी करंल. मानधन अर्धा लिटर, गोकुळचं फुल क्रीम. शूटिंगला वेळेवर यायची मात्र गॅरंटी नाही.

निळी_शाई

मांजराबद्दल मला शंका आहे. ॲनिमेशनमध्ये मांजर आलं की प्रेक्षक मांजराकडेच बघतो, आणि पुढच्या प्रत्येक प्रसंगात तेच शोधत बसतो. एकदाच येऊ द्या आणि गोंडस काढू नका. कॅम्पातलं, हाडं दिसणारं, चोरून पिणारं मांजर.

मुळात माझी काळजी वेगळी आहे. दुसऱ्याचं दुःख चित्रात सुंदर दिसायला लागतं. जलरंगातला पाऊस, मोठे डोळे, पियानो. असल्या फिल्मा मी पुष्कळ बघितल्यात आणि त्यांतलं एकही माणूस मला आठवत नाही. सुनंदामावशींच्या गोष्टीत पातेल्यातलं बोट आहे, ते आठवतं. म्हणून म्हणते, सैबेरिया दाखवू नका, बॉम्ब दाखवू नका. ते दाखवायला गेलात की तुमच्याकडे जे आहे, ते दुधाचं पातेलं, किरकोळ दिसायला लागेल.

कापडवाला

मी गांधीनगरचाच. आमचं होलसेलचं दुकान आहे. घरात सिंधी, गल्ल्यावर मराठी आणि हिशोबात दोन्ही. हा धागा बायकोने दाखवला म्हणून बऱ्याच वर्षांनी लॉगिन झालो.

आमचे पणजोबा शिकारपूरचे. १९४८ मध्ये पणजी चार मुलांना घेऊन कराचीहून बोटीने निघाली. पणजोबा आणि त्यांचे धाकटे भाऊ उधारी वसूल करून आणि घराचं काहीतरी करून मागाहून येणार होते. मुंबईहून त्यांना इकडे पाठवलं. एका बराकीत मधे गोणपाटाचे पडदे लावून कुटुंबं राहायची. एक पडदा, पलीकडे दुसरं घर. खोकला कुणाचा ते आवाजावरून कळायचं.

आजी सांगायची, खोलीत शिरले तेव्हा भिंतीवर चौकोनी डाग होते. तसबिरी काढून नेलेल्या, तेवढीच जागा पांढरी राहिलेली. एक खिळा तसाच होता. पणजीने पेटीतून झुलेलालची तसबीर काढली आणि त्या खिळ्याला लावली. दुसरा खिळा ठोकायला हातोडी कुठून आणणार? त्याच खोलीत मग पापड लाटले, विकले, मुलांना शाळेत घातलं. नंतर सरकारकडे मागे राहिलेल्या मालमत्तेचे क्लेम भरायचे आले तेव्हा पणजीला घराची लांबी-रुंदीसुद्धा सांगता येईना, कारण कधी मोजायची वेळच आली नव्हती.

पणजोबा दोन वर्षांनी आले. त्यांचे भाऊ आले नाहीत. त्यांच्याबद्दल घरात कुणी विचारायचं नाही असा नियम होता, तो अजून आहे.

एक कुटुंब की दोन हा तुमचा प्रश्न वाचला. मी काही फिल्मवाला नाही. पण आम्हाला शाळेत कुणी पोलिश लोकांचं सांगितलं नव्हतं, आणि पोलिश पाहुणे येतात तेव्हा त्या कार्यक्रमात आमच्या लोकांचं कुणी बोलत नाही. खोली तर एकच होती.

रेघोटी

कापडवालादादा, काय लिहू? तुमची परवानगी असेल तर तो खिळा फिल्ममध्ये घेईन. तुम्ही नाही म्हणालात तर घेणार नाही. आणि तुमच्या घरी येऊन आणखी ऐकायला फार आवडेल.

कापडवाला

घ्या की. आईला विचारलं, ती म्हणाली या जेवायलाच. दाल पकवान करते म्हणाली.

टाकळीकर

जरा वेगळं बोलतो, राग मानू नका.

मी शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीचा. नावातच सगळं आलं. पोलंडच्या बायकांवर फिल्म होते, चांगलं आहे. पण आमच्या गावातल्या बायकांनी काय कमी वाट बघितली? दुसऱ्या महायुद्धात २५ लाख हिंदी सैनिक होते. आपल्या मराठा पलटणीने इटलीत दोन व्हिक्टोरिया क्रॉस मिळवले, यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव. घाडगे तर जुलै १९४४ मध्ये तिथेच पडले. यांच्या घरच्यांवर कोण चित्रं काढणार?

माझे पणजोबा पहिल्या मराठा पलटणीत इटलीला होते. पणजीला वाचता येत नव्हतं. पत्र आलं की शाळेतल्या मास्तरांकडे जायचं. पत्रात कुठं आहे ते लिहायला बंदी, सेन्सॉर खोडायचा. त्यामुळं मजकूर नेहमी एकच : मी खुशाल आहे, बैलांना जपा, आईचं औषध चुकवू नका. मास्तर वाचायचे आणि पणजी म्हणायची, पुन्हा वाचा. मास्तर कंटाळून एकदा म्हणाले, अगं तेच आहे. ती म्हणाली, तेच ऐकायचंय.

मनीऑर्डर आली की अंगठा लावून पैसे घ्यायचे. पैसे सासऱ्याच्या हातात जायचे, पण कुपन ती स्वतःजवळ ठेवायची. त्याच्यावर दोन ओळी असायच्या म्हणून. ती कुपनं आमच्याकडं अजून आहेत, ट्रंकेत, तिच्या लुगड्याच्या घडीत. पणजोबा १९४६ मध्ये आले तेव्हा आजी चार वर्षांची होती. बापाला बघून ती गोठ्यात जाऊन लपली आणि रात्री जेवायला आलीच नाही.

पंचगंगेकाठचा

टाकळीकर, तुमचा मुद्दा रास्त आहे, पण मग तो वेगळ्या फिल्मचा विषय झाला. सगळंच एकात कोंबलं तर तो माहितीपट होईल.

दप्तरखाना

वेगळा विषय आहे असं मला वाटत नाही. टाकळीकरांनी 'पहिली मराठा' आणि 'इटली' म्हटलं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

५ व्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण ८ व्या भारतीय डिव्हिजनमध्ये होती. ११ मे १९४४ च्या रात्री इटलीत दोस्तांचा मोठा हल्ला सुरू झाला. ८ वी भारतीय डिव्हिजन गारी नदी ओलांडायला उतरली आणि त्याच रात्री, त्याच हल्ल्यात, काही मैलांवर आंदेर्स यांचं पोलिश कोअर मोंते कासिनोच्या डोंगरावर चढायला लागलं. १८ मे रोजी पोलिश सैनिक तिथल्या मठात पोहोचले. त्यांत वळिवड्यात राहणाऱ्या बायकांचे नवरे, भाऊ, मुलगे असणार.

आता नकाशा उलटा बघा. त्या रात्री वळिवड्यात एक पोलिश बाई आणि टाकळीत टाकळीकरांच्या पणजी. मधे एक हातकणंगले तालुका. दोघींची माणसं एकाच आघाडीवर. दोघींना एकमेकींचं नाव माहीत नाही, आणि आपलं माणूस कुठे आहे तेही माहीत नाही.

टाकळीकर

अंगावर काटा आला. हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. आईला फोन करून सांगितलं आत्ता.

तांबडा_पांढरा

दप्तरखाना सर, तुमच्या पायाचा फोटो टाका, दर्शन घेतो.

निळी_शाई

टाकळीची बाई स्वतंत्र कुटुंब म्हणून आणली तर मात्र फिल्म फुटेल, त्यात मी पंचगंगेकाठचा यांच्याशी सहमत. पण सुनंदामावशींच्या गोष्टीतली गवळण आहेच की. ती दारात उभी राहून दुधाची राखण करते. तिचाही नवरा फौजेत असू शकतो. ती का थांबते याचं कारण मग सांगावं लागत नाही. गळ्यात मंगळसूत्र, आणि कनवटीला खोचलेलं मनीऑर्डरचं कुपन. एवढंच. ज्याला दिसेल त्याला दिसेल.

(मावशी, तुमच्या सासूबाईंच्या आईच्या गोष्टीत हा बदल चालेल का ते आधी सांगा.)

सुनंदामावशी

त्यांचे यजमान शेतीच बघत, फौजेत नव्हते. पण त्यांचे थोरले भाऊ बसऱ्याकडे गेले होते पलटणीबरोबर. तर भाऊ दाखवा, नवरा नको. खोटं नको गं त्यांच्या नावावर. भावाचीही वाट बघतातच की बायका.

रेघोटी

मावशी, भाऊच.

दोन दिवस कागद-पेन्सिल घेऊन बसले होते म्हणून उत्तर द्यायला उशीर झाला. सगळ्यांचं वाचून आता चित्र असं दिसतंय. दोन कुटुंबं, एक खोली, आणि दोन्हींच्या दारात येणारी ही एक बाई. तीच दूध घेऊन सिंधी कुटुंबाकडेही येते, फक्त वय थोडं वाढलंय. म्हणजे खोलीच्या दोन काळांना जोडणारं माणूस कोल्हापूरचं आहे, आणि ते आसरा देणारं कुणी मोठं नाही. तिचं स्वतःचंही माणूस लांब आहे.

संवाद नाहीत, ठरलं. पण पत्रांचं काय करायचं ते सुटत नाही. दप्तरखाना, या पोलिश बायकांना पत्रं कशी यायची? लष्करातून आलेली समजू शकते, पण गावी मागे राहिलेल्यांशी संपर्क?

दप्तरखाना

लष्करातल्या माणसांची पत्रं लष्करी टपालाने येत, सेन्सॉर होऊन. पण शत्रूच्या ताब्यातल्या मुलखात साधं पत्र जातच नसे. तिथे रेडक्रॉसचा छापील फॉर्म. फक्त घरगुती मजकूर, जास्तीत जास्त २५ शब्द, आणि उत्तर त्याच फॉर्मच्या पाठीवर. जायला-यायला महिनेच्या महिने.

रेघोटी

२५ शब्द! आईला आपल्या आईला लिहायचंय : रशियातून सुटलो, समुद्र ओलांडला, नवरा फौजेत, मुलीला शाळा आहे, वाटेत काय झालं. आणि शब्द २५.

हा प्रसंग मी फिल्मच्या मधोमध ठेवणार. ती आधी दुसऱ्या कागदावर लिहिते आणि खोडत जाते. काय लिहिलंय ते कुणाला वाचता आलं नाही तरी चालेल. ती बोटांवर मोजते, जशी दुधाचे पैसे मोजते तशीच. खोडलेल्या शब्दांतला एक शब्द मुलीचं नाव नसून दुसऱ्याच मुलाचं आहे, एवढं चित्रातून कळावं असा प्रयत्न आहे. म्हणजे दोन मुलं होती. हे फक्त पोलिश वाचणाऱ्याला शब्दातून कळेल, बाकीच्यांना आईच्या हातातून कळलं पाहिजे. कसं ते अजून सापडलेलं नाही.

चौकट_दर_चौकट

पेन्सिल थांबवा. आधीचे शब्द ती भराभर खोडते, सेकंदाला बारा चित्रं. या शब्दावर पेन्सिल येते आणि दोन सेकंद एकच चित्र धरा. मग रेघ मारायला सुरुवात आणि मधेच उचललेली. अर्धा शब्द खोडलेला, अर्धा तसाच. पुन्हा पूर्ण खोडते तेव्हा इतकी हळू की कागदाचे कण दिसावेत. याला चित्रकला फार लागत नाही, वेळेचं गणित लागतं.

तंबोरा

मिरजेहून लिहितोय, ध्वनीचं काम करतो. निळी_शाई यांनी पियानो नको म्हटलं त्याला माझी दोन्ही हातांनी अनुमती.

संगीत अजिबात नसलं तरी चालेल. वळिवड्याचं स्टेशन मिरज-कोल्हापूर मार्गावर आहे, छावणी त्याच्या जवळच. म्हणजे खोलीत बसून गाडीची शिट्टी ऐकू येणार. हाच तुमचा मुख्य आवाज. टपाल त्या गाडीने येतं, माणूस आला तर त्याच गाडीने येणार, आणि शेवटी हे लोक जाणार तेही त्याच गाडीने. कोळशाच्या इंजिनाची शिट्टी लांबून वेगळी आणि जवळून वेगळी असते. पावसात आणखी वेगळी. पहिल्या दोन मिनिटांत शिट्टी झाली की बाई दाराकडे बघते एवढं दाखवलंत, की पुढे तिला न दाखवताही प्रेक्षक दाराकडे बघेल.

पाऊस मात्र खरा रेकॉर्ड करा, कौलांवरचा. पत्र्यावरचा नको, त्याचा आवाज वेगळा आणि ऐकणाऱ्याला लगेच कळतं. माझ्याकडे रेकॉर्डर आहे. जूनमध्ये आजऱ्याला मामाच्या कौलारू घरी जाणारच आहे, तिथे करून देतो. पैशांचं बोलू नका.

पंचगंगेकाठचा

अवांतर होईल, पण लिहावंसं वाटतं. आनंदराव आणि बाबूराव पेंटर या भावांनी याच गावात स्वतःचा कॅमेरा बनवायला घेतला होता. आनंदराव अकाली गेले, बाबूरावांनी तो पुरा केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. 'प्रभात'ची सुरुवातही १९२९ मध्ये इथलीच. दोघेही भाऊ मुळात पडदे रंगवणारे, कुणी शिकवायला नव्हतं. तुम्ही तिघं रात्री बसून जे करताय ते या गावाला नवीन नाही. स्मारकाचा आग्रह मी सोडला, त्या दूधवाल्या बाईवर थांबा.

महोत्सवांचंही बघून ठेवा. इथला किफ आहेच. मुंबईचा मिफ तर माहितीपट, लघुपट आणि ॲनिमेशनसाठीच भरतो.

चौकट_दर_चौकट

आणि फिल्म झाल्या झाल्या यूट्यूबवर टाकू नका! बरेच महोत्सव आधी ऑनलाइन आलेली फिल्म घेत नाहीत. फ्रान्सच्या आन्सीपासून सगळ्यांचे नियम वाचून एक तक्ता करा, तारखांसह. नातेवाइकांना लिंक पाठवायची तर पासवर्ड घालून.

मृगनक्षत्र

उशिरा आले. एक सुचवू का? पिंगुळीच्या चित्रकथीची शैली वापरली तर? एकामागून एक चित्र उचलून गोष्ट सांगायची आपली जुनी पद्धत, बाहेरच्या प्रेक्षकांनाही वेगळं वाटेल.

रेघोटी

मृगनक्षत्र, माझंही चित्रकथीवर प्रेम आहे आणि सुरुवातीला मोह झाला होता. पण ती रामायण-महाभारत सांगणाऱ्या ठाकर कलावंतांची पद्धत आहे, तिच्यामागे गाणं आणि सांगणं आहे. बाहेरच्यांना वेगळं वाटावं म्हणून नुसते डोळे आणि नक्षी उचलायला मन घेत नाही. साधी पेन्सिल आणि दोन रंग एवढंच ठेवतोय, पोलिश भागाला एक, सिंधी भागाला एक. बाईच्या लुगड्यात दोन्ही.

कालच आम्ही तिघं कापडवालादादांकडे जाऊन आलो. त्यांच्या आईंनी पणजींच्या पापडाच्या लाटण्याचं माप हातावर दाखवलं, ते मी काढून घेतलं. जुन्या बराकीचा सांगाडा आता कापडाच्या गाळ्यांत ओळखू येत नाही, पण दाराची उंची, उंबरा आणि उजेड कुठल्या बाजूने यायचा हे त्यांना अजून नीट आठवतं. सकाळचा उजेड आधी खिळ्याच्या भिंतीवर पडायचा म्हणाल्या. म्हणजे आमचं दार चुकीच्या भिंतीत होतं, सगळा आराखडा बदलतोय.

टाकळीकर, कुपनांचे फोटो मिळतील का? मजकूर झाकून पाठवलेत तरी चालेल. मला कागदाचा आकार, शिक्का आणि घड्या बघायच्या आहेत.

टाकळीकर

झाकायचं कशाला? आई म्हणाली फोटो नको, त्यांना घरीच बोलव, हातात घेऊन बघू देत. शनिवारी मी गावी आहे. जयसिंगपूरला उतरलात की फोन करा, न्यायला येतो. दप्तरखाना सरांनाही घेऊन या, पणजोबांची पेबुक आहे, त्यांना वाचता येईल.

दप्तरखाना

येतो. भिंग घेऊन येतो.

चौकट_दर_चौकट

रेघोटी, ॲनिमॅटिक कधी बघायला मिळेल? दार बदललं की पातेल्याच्या शॉटमध्ये बाई कुठल्या बाजूने धावते तेही बदलेल, टपालवाला स्टेशनकडून यायला हवा. कच्चं असलं तरी पाठवा, वेळेच्या खुणा करून परत देतो.

रेघोटी

पुढच्या आठवड्यात. पहिली चार मिनिटं तयार आहेत, सिंधी भाग अजून कोऱ्या चौकटींत आहे. शनिवारी टाकळीहून आले की बसते.